परदेशीचा संसार आणि कागदाची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी, शिक्षणप्रसाराविषयी अथवा विवाहातील अनिष्ट रूढींविषयी बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपला वेळ एका रूक्ष विषयासाठी घेणार आहोत. विषय आहे परदेशातील प्राप्तिकराचा आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणित कागदपत्रांचा. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांतील माणसांना अमेरिकेच्या करविवरणपत्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु ज्या घरातील मुलगा तिकडे नोकरीस आहे, किंवा ज्या घरातील लेक तिकडे दिलेली आहे, त्या घरास हा प्रश्न परका राहिलेला नाही. लग्न होऊन चार महिने झालेले असतात. जावई तिकडे परतलेला असतो आणि मुलगी प्रवेशपत्राची वाट पाहत माहेरी बसलेली असते. अशा वेळी तिकडून निरोप येतो की, कराचे विवरणपत्र दोघांच्या नावाने भरावयाचे आहे, तरी पारपत्राची प्रमाणित प्रत पाठवा व सोबतच्या कागदांवर मुलीची सही घ्या. घरात धावपळ सुरू होते. कोणी नोटरीकडे जातो, कोणी तहसील कचेरीत जातो. मुलगी दाखविलेल्या जागी सही करते. ती सही कशाची आहे हे मात्र तिला कोणी सांगत नाही. आज जे सांगावयाचे ते मुख्यतः त्या सहीविषयी आहे. पण सहीपर्यंत जाण्याची वाट कागदपत्रांतून जाते, म्हणून आरंभ तेथून करू.

लेखी प्रमाण हे आपल्या भूमीस नवीन नाही. हे आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या वंशातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. राज्यारोहणाच्या ३७व्या वर्षी राजाने एक गाव दान दिले, त्याची ती नोंद आहे. दान तोंडी देऊनही चालले असते. परंतु देणारा आणि घेणारा दोघेही गेल्यानंतर व्यवहाराची साक्ष राहावी, म्हणून तो तांब्यावर कोरला गेला. विवाहाच्या बाबतीत मात्र आपण आजवर माणसांच्या साक्षीवर विसंबून राहिलो. अग्नी साक्षी, ब्राह्मण साक्षी, पाचशे पाहुणे साक्षी. मग कागद कशाला, ही आपली समजूत. गावात ती खरीही होती. परंतु सात समुद्रांपलीकडील कचेरीत बसलेला कारकून आपल्या मांडवात जेवावयास आलेला नसतो. त्याला कागदच लागतो. आणि तोही विशिष्ट प्रकारचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशात पतिपत्नींनी मिळून एक विवरणपत्र भरण्याची सोय नाही. प्रत्येकाचे उत्पन्न वेगळे व प्रत्येकाचा कर वेगळा. हिंदू अविभक्त कुटुंबास कायद्याने स्वतंत्र करदाता मानले आहे, पण ती गोष्ट निराळी. गोमंतकात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा असल्यामुळे १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलम ५-अ घालण्यात आले आणि तेथील दांपत्याच्या सामाईक उत्पन्नाचे दोन समान भाग करण्यात येऊ लागले. पण तेथेही विवरणपत्रे दोनच. अमेरिकेत मात्र पतिपत्नींना एकच संयुक्त विवरणपत्र भरता येते. अडचण एवढीच की, दोघांपैकी एकजण जरी तेथील करकायद्याच्या दृष्टीने अनिवासी परकीय असला, तरी सामान्य नियमाने संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही. ही अडचण दूर करणारी तरतूद १९७६ च्या करसुधारणा कायद्याने तेथे आली. तिच्यानुसार पती वर्षअखेर अमेरिकेचा नागरिक किंवा करनिवासी असेल, आणि पत्नी अनिवासी परकीय असेल, तर दोघांनी सहीनिशी लेखी निवड करून पत्नीसही करापुरते निवासी मानून घेता येते.

म्हणजे ज्या कायद्याच्या भाषेत ‘परकी पत्नी’ असा उल्लेख येतो, ती परकी म्हणजे आपलीच वाशिमची लेक, हे ध्यानी घ्यावे. उलटही घडते. आपल्या मुलाने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी विवाह केला आणि दोघे येथेच राहू लागले, तर ती मुलगी जगात कोठेही राहिली तरी आपल्या देशाच्या करकायद्यास बांधलेली असते. आणि मग तिच्या विवरणपत्रात आपला मुलगा ‘परका पती’ ठरतो. असा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेला असला तर विवाह अधिकाऱ्याचा दाखला हाती असतोच. बाकीचे नियम दोन्हीकडे सारखेच.

या व्यवस्थेत आणखी एक नियम असा आहे की, त्याचा आपल्या लग्नसराईशी थेट संबंध येतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबरला, जो विवाहित असेल तो करापुरता संपूर्ण वर्ष विवाहित समजला जातो. तिकडील मुलांना रजा मिळते ती बहुधा डिसेंबरात. पौषात आपण लग्ने करीत नाही, म्हणून मार्गशीर्षातील मुहूर्त धरले जातात. अशा रीतीने डिसेंबरात कारंज्याला लागलेले लग्न त्या सबंध वर्षाच्या कराचा हिशेब बदलून टाकते. आणि विवरणपत्राची सामान्य मुदत १५ एप्रिल असल्यामुळे कागदपत्रांस जेमतेम साडेतीन महिने उरतात. मुदतवाढ मागितल्यास विवरणपत्र १५ ऑक्टोबरपर्यंत देता येते. देय कर मात्र एप्रिलातच भरावा लागतो.

लाभ किती, हे आकड्यांनी सांगितलेले बरे. २०२५ या करवर्षासाठी संयुक्त विवरणपत्रास ३१,५०० डॉलरची ठोक वजावट आहे, तर विवाहिताने वेगळे विवरणपत्र भरल्यास १५,७५० डॉलरची. एखाद्या मुलाचा वार्षिक पगार १,००,००० डॉलर आहे आणि पत्नीस काहीच उत्पन्न नाही, असे समजा. वेगळे विवरणपत्र भरल्यास त्यास केंद्रीय प्राप्तिकर सुमारे १३,४४९ डॉलर पडेल. संयुक्त भरल्यास ७,७४३ डॉलर. फरक ५,७०६ डॉलरचा झाला. नव्या संसाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. म्हणून जावयाने कागद मागितले तर त्यात वावगे काही नाही, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. कायद्याने दिलेली सवलत घेणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

संयुक्त विवरणपत्रात पत्नीच्या नावापुढे एक क्रमांक लागतो. जिला तेथील सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळू शकत नाही, तिला १९९६ पासून तेथील महसूल खाते नऊ आकड्यांचा वैयक्तिक करदाता क्रमांक देते. तो ९ या आकड्याने सुरू होतो. त्याने नोकरीचा परवाना मिळत नाही आणि वास्तव्याचा हक्कही मिळत नाही. तो केवळ करापुरता आहे. सलग तीन वर्षे कोणत्याही विवरणपत्रात वापरला नाही तर तो रद्द होतो. पुढे मुलीस नोकरीची परवानगी मिळून सामाजिक सुरक्षा क्रमांक आला, तर जुना क्रमांक सोडून तसे खात्यास कळवावे लागते. या क्रमांकासाठी ‘डब्ल्यू-७’ नावाचा अर्ज विवरणपत्रास जोडून टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील कार्यालयाकडे पाठवावयाचा असतो. अर्जाच्या निकालास साधारणतः सात आठवडे लागतात. कराच्या हंगामात किंवा अर्ज परदेशातून आला असल्यास नऊ ते अकरा.

आणि येथेच आपल्या मंडळींची सर्वांत मोठी गफलत होते. आपल्याकडे नोटरीचा लाल गोल शिक्का म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा समजली जाते. पूर्वी या कामी नोटरीने साक्षांकित केलेली प्रत चालत असे. परंतु २०१२ साली तेथील नियम बदलले, आणि २०१३ च्या आरंभापासून या अर्जासाठी नोटरीची प्रत स्वीकारली जात नाही. तिच्यावर आणखी अपॉस्टिलची मुद्रा उमटविली तरीही नाही. राजपत्रित अधिकाऱ्याची ‘सत्यप्रत’ नाही आणि स्वतः सही केलेली प्रत तर नाहीच. तिकडील व्याख्येप्रमाणे प्रमाणित प्रत म्हणजे ज्या कार्यालयाने मूळ दस्तऐवज दिला, त्याच कार्यालयाने ‘ही मूळाबरहुकूम आहे’ असे लिहून आपल्या मुद्रेसह दिलेली प्रत. ओळख आणि परकीयत्व या दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारा कागद एकच. तो म्हणजे पारपत्र. पारपत्र नसेल तर मान्य यादीतील किमान दोन कागद लागतात. अनेकजण येथे आधारपत्राची प्रत पुढे करतात. परंतु त्या यादीतील राष्ट्रीय ओळखपत्रावर मुदत संपण्याची तारीख असावी लागते, आणि आधारपत्रावर ती नसते.

मग करावे काय? मार्ग चार आहेत. पहिला, मूळ पारपत्रच टपालाने पाठवणे. कागद परत येण्यास साठ दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. जिच्या प्रवेशपत्राची मुलाखत तोंडावर आली आहे तिने हा मार्ग धरला, तर पारपत्र ऑस्टिनला आणि मुलगी वाशिमला अशी स्थिती होते. हा मार्ग शक्यतो टाळावा. दुसरा मार्ग, पारपत्र देणाऱ्या यंत्रणेकडून प्रमाणित प्रत घेणे. आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. मुलगी अमेरिकेत पोचलेली असेल तर तेथील भारतीय वकिलातीकडे विचारणा करावी. भारतातील अमेरिकन वकिलातीतूनही अशा प्रमाणीकरणाची सोय होऊ शकते; मात्र जाण्यापूर्वी चौकशी करावी, कारण वाशिमहून मुंबईची खेप म्हणजे दोन दिवसांचे काम. तिसरा मार्ग, तेथील महसूल खात्याने मान्यता दिलेल्या स्वीकृती-प्रतिनिधीचा. हा प्रतिनिधी पत्नीचे मूळ पारपत्र स्वतः पडताळून तसा दाखला अर्जास जोडतो आणि पारपत्र परत देतो. असे प्रतिनिधी भारतातही आहेत. परंतु नाव खात्याच्या यादीत आहे की नाही, हे पाहिल्यावाचून कोणाच्याही हाती पारपत्र देऊ नये. चौथा मार्ग, मुलगी तिकडे गेल्यानंतर दोघांनी महसूल खात्याच्या साहाय्य केंद्रात वेळ ठरवून जाणे. तेथे पारपत्र पाहून लगेच परत करतात. मुलगी उन्हाळ्यापर्यंत तिकडे जाणारच असेल, तर मुदतवाढ मागून हा चौथा मार्ग धरणे सर्वांत निर्धोक, असे आमचे मत आहे.

विवाहाच्या दाखल्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. करदाता क्रमांकाच्या अर्जाचा आधार पारपत्र हाच आहे. पण संयुक्त विवरणपत्राचा पाया विवाह आहे, आणि करखात्याने उद्या विचारणा केली तर विवाह सिद्ध करावा लागतो. प्रवेशपत्रासाठी तर विवाहाचा दाखला पहिल्या दिवसापासून लागतो. सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. आपल्या राज्यात त्यापूर्वीच १९९८ चा विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम झालेला होता. त्यान्वये लग्नापासून ९० दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह विवाहाचे ज्ञापन द्यावयाचे असते; खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. असे असूनही वर विमानात बसेपर्यंत नोंदणीची आठवण कोणास होत नाही. वरवधू दोघांनी निबंधकापुढे हजर राहावयाचे असते. वर तिकडे गेला की काम वर्षभर अडून राहते. तेव्हा हळद उतरण्यापूर्वी नोंदणी उरकावी, असा आमचा आग्रह आहे. वरमाला आणि अक्षता यांच्या जोडीला विवाहाचे ज्ञापन हेही लग्नसाहित्याच्या यादीत लिहून ठेवावे.

हा दाखला परदेशातील इतर कामी वापरावयाचा असेल तर अपॉस्टिल उपयोगी पडते. १९६१ च्या हेग करारात आपला देश २००५ साली सामील झाला. या करारामुळे सभासद देशांत एकमेकांचे सार्वजनिक दस्तऐवज एका मुद्रेवर मान्य होतात. आपल्या राज्यात आधी मंत्रालयातून साक्षांकन व नंतर परराष्ट्र मंत्रालयाची मुद्रा असा क्रम आहे. परंतु ही मुद्रा कोठे लागते व कोठे लागत नाही, हे न पाहता प्रत्येक कागदावर ती उमटविण्यासाठी दलालास पैसे मोजण्याचे कारण नाही. दाखला मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह, जवळ ठेवावे म्हणजे झाले.

आता नावाकडे वळू. आपल्यात तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची गोड चाल आहे. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु तांदळावर लिहिलेले नाव तांदळावरच शोभते. पारपत्रावर माहेरचे नाव, लग्नपत्रिकेवर एक, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे, अशी चार नावांची चार माणसे तयार झाली, की परदेशातील कचेरीला ती चारही खरोखरच वेगळी वाटू लागतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. क्रमांकाच्या अर्जात जन्माचे नाव वेगळे असल्यास ते लिहिण्यास स्वतंत्र रकाना आहे. माहेरच्या नावाची त्या कचेरीस अडचण नाही, अडचण आहे ती न जुळणाऱ्या नावांची. यास्तव जे नाव पारपत्रावर आहे, तेच अक्षरशः विवाहाच्या ज्ञापनात, अर्जात व विवरणपत्रात यावे. नाव बदलावयाचेच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून आधी पारपत्र बदलावे आणि मग पुढील कागद करावेत.

आपल्या जिल्ह्यापुरती एक सूचना येथे करतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी जन्मलेल्यांच्या दाखल्यांवर ‘जिल्हा अकोला’ असेच असणार. ती चूक नव्हे. त्या दिवशी तेच सत्य होते. काही मंडळी ते ‘दुरुस्त’ करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे करीत सुटतात आणि नसलेला घोळ निर्माण करतात. जुना दाखला तसाच ठेवावा. कोणी विचारल्यास जिल्हानिर्मितीची तारीख सांगावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या जन्माच्या नोंदी जुन्या कोतवालबुकात वा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतील, तर त्यांच्या नकला संबंधित कचेरीतून आजच काढून ठेवाव्यात. कागदास वाळवी लागण्याची वाट पाहू नये.

बंधुभगिनींनो, येथवर कागदांची गोष्ट झाली. आता सहीची गोष्ट. संयुक्त विवरणपत्रावर मुलीची सही हवी, कारण कायद्याने ती तिची इच्छा समजली जाते. या एका सहीने चार गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट. ती मुलगी वाशिमास बसलेली असली तरी करापुरती अमेरिकेची निवासी होते आणि तिचे जगातील सर्व उत्पन्न त्या विवरणपत्रात दाखवावे लागते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. तिकडे तशी सूट नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला आहे. तेव्हा अनेक लेकींची नावे आज सातबाऱ्यावर आहेत. तिच्या वाट्याला येणारे सोयाबीनचे वा तुरीचे उत्पन्न, बापाने लग्नासाठी तिच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज, वाशिमातील गाळ्याचे भाडे, ही सर्व तेथे सांगावी लागतात. वरील उदाहरणात तिचे येथील उत्पन्न २,००० डॉलर इतके असते, तर कर सुमारे २४० डॉलरने वाढला असता. म्हणजे लाभ तरीही बराच उरला असता. खरे सांगण्यात तोटा थोडा आहे. लपविण्यात धोका मोठा आहे. ज्या उत्पन्नावर येथे कर भरला असेल त्याची वजावट नियमानुसार मागता येते. मात्र १९८९ च्या भारत–अमेरिका करारातील भारतीय निवासी म्हणून मिळणारे फायदे ही निवड चालू असेपर्यंत सामान्यतः मागता येत नाहीत. मुलगी पुण्यास मोठ्या पगारावर नोकरी करीत असेल, तर संयुक्त विवरणपत्र फायद्याचे ठरेलच असे नाही. तेथे आधी हिशेब मांडावा. वेगळे विवरणपत्र भरणाऱ्या पतीस अशा पत्नीच्या क्रमांकाची गरज नसते, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट. पती ज्या वर्षी मध्येच तिकडे गेला, त्या वर्षासाठी अशी निवड केल्यास दोघेही सबंध वर्षाचे निवासी धरले जातात. म्हणजे जाण्यापूर्वी येथे मिळालेला त्याचा पगारही हिशेबात येतो. याशिवाय मुलाचे नाव वडिलांच्या वा आईच्या बँकखात्यावर ‘सोयीसाठी’ घातलेले असते. तो तेथील निवासी झाला आणि त्याच्या अशा सर्व परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती खाती तेथील अर्थखात्यास वेगळ्या पत्रकाने कळवावी लागतात. पैसा वडिलांचा असला तरीही. ही जबाबदारी मुलाची खरी, पण शिल्लक किती हे त्यास सांगणे येथील वडिलांच्याच हाती आहे.

तिसरी गोष्ट. ही निवड त्या एका वर्षापुरती नसते. ती मागे घेईपर्यंत पुढील वर्षांनाही लागू राहते. आणि एकदा मागे घेतली, की त्या दोघांपैकी कोणासही पुन्हा तशी निवड करता येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संयुक्त विवरणपत्रावर सही करणारे दोघेही संपूर्ण कराला, व्याजाला व दंडाला संयुक्तपणे आणि प्रत्येकी जबाबदार असतात. पतीने उत्पन्न लपविले, तर महसूल खाते पत्नीकडूनही सर्व रक्कम मागू शकते. पुढे घटस्फोट झाला तरीही. ज्या पत्नीस गैरप्रकार ठाऊक नव्हता तिला दाद मागण्याची सोय कायद्यात आहे, परंतु ती दाद तिला स्वतःच मागावी लागते, आणि ‘मी न वाचता सही केली’ एवढे म्हणणे सहसा पुरेसे होत नाही.

हे सांगण्यात कोणाच्या जावयावर संशय घेण्याचा आमचा हेतू नाही. आपली बहुतेक मुले कष्टाळू व सरळ आहेत. परंतु विश्वास ही कागद न वाचण्याची सबब होऊ शकत नाही. शेतीचा सौदा करताना सख्ख्या भावाचीही सातबारा पाहणारे आपण, लेकीच्या सहीच्या वेळी मात्र ‘जावई शहाणे आहेत’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः हे विवरणपत्र समजून केले तर मुलीचे कवचही आहे. ज्या पत्नीची त्यावर सही आहे, तिला त्याची नक्कल मागण्याचा अधिकार आहे. नवऱ्याचे उत्पन्न किती, त्याचा पत्ता कोणता, त्याने आपणास पत्नी म्हणून कोठे नोंदविले, हे सर्व तीत लिहिलेले असते. परदेशी स्थळांत फसगत झालेल्या मुलींच्या कहाण्या आपण ऐकतो, तेव्हा न्यायालयाच्या दारी त्यांच्या हाती बहुधा लग्नातील छायाचित्रांवाचून काहीही नसते, हे विसरू नये.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची विनंती अशी. ज्या घरी परदेशी संबंध जुळेल, तेथे मुलीच्या नावाची एक संचिका करावी. तीत पारपत्राची व जन्मदाखल्याची प्रत, विवाहाचा मूळ दाखला, तिच्या नावावरील ठेवी व शेती यांची टाचणे, आणि तिने सही केलेल्या प्रत्येक विवरणपत्राची नक्कल ठेवावी. ती संचिका मुलीच्या स्वाधीन असावी. सासरच्या कपाटात नव्हे आणि बापाच्या पेटीतही नव्हे. पारपत्र तर तिच्याच हाती असावे. सुनेच्या बाबतीतही हाच न्याय लावावा, कारण आपली सून ही कोणाची तरी लेकच असते. सही मागणाऱ्याने कागद आधी पाठवावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा आणि वाचावयास दोन दिवस द्यावेत. एवढी अपेक्षा करण्यात जावयाचा अपमान होतो असे आम्हांस वाटत नाही. प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना तेथील जाणत्या करसल्लागाराचे मत अवश्य घ्यावे, कारण दर व मर्यादा वर्षागणिक बदलतात आणि प्रत्येक घरची परिस्थिती वेगळी असते.

मंडळाच्या कार्यकारिणीसही एक सूचना करून हे भाषण आवरते घेतो. आपण सामुदायिक विवाह भरवितो व वधूवर-परिचय मेळावे घेतो. त्याच मांडवात एक टेबल विवाहनोंदणीचे असावे. ज्ञापनाचे कोरे नमुने, तीन साक्षीदार व भरून देणारा एक तरुण एवढ्याने काम भागेल. ज्ञातीत शिकलेल्या मुलामुलींची आता वाण नाही. दोघातिघांनी हे काम वाटून घेतले तर वर्षास पंचवीस घरांची पायपीट वाचेल. आपल्या आयाबहिणींनी अंगठ्याचा ठसा सोडून सही करावयास शिकावे, यासाठी आपल्या पूर्वसूरींनी रात्रीच्या शाळा चालविल्या. त्या सहीखाली काय लिहिले आहे हे वाचण्याचा पुढचा धडा आपल्या पिढीने द्यावयाचा आहे.